पालकांचे धडे मोबाइलवर, भार मात्र सेविकेवर

अंगणवाडी म्हटले, की खिचडी, वजनकाटा आणि बडबडगीते एवढेच चित्र शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर येते. मात्र, २०२० मध्ये टाळेबंदीमुळे अंगणवाड्या बंद झाल्या आणि तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी एकाएकी पालकांवर येऊन पडली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘रॉकेट लर्निंग’ या संस्थेने त्यासाठी अंगणवाडी सेविका आणि पालक यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट बांधण्याचा मार्ग निवडला. महाराष्ट्रातही हे काम चालते.

पद्धत साधी आहे. पालकांच्या भाषेतील छोटी ध्वनिचित्रफीत गटावर येते. डाळ-तांदूळ वेगळे करणे, चमचे मोजणे असे घरच्या वस्तूंचे खेळ त्यासाठी पुरतात. मूल खेळत असताना पालक त्याचे चित्रण करून गटावर पाठवतात. शेजारच्या मुलाचे कौतुक झालेले पाहिले, की दुसऱ्या घरातही खेळ सुरू होतो. ही चुरस कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक काम करते.

अडचण निराळीच आहे. घरात स्मार्टफोन एकच असेल, तर तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या आईच्या हाती तो रात्री येतो, तोवर मूल झोपलेले असते.

सेविकेचीही तीच कथा. शासनाने नोंदींसाठी दिलेले मोबाइल निकृष्ट असल्याची तक्रार करत २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी ते परत केले होते. तुटपुंज्या मानधनात पोषण आहार, लसीकरण आणि नोंदी सांभाळून गटही तिनेच चालवायचा. गटावर उत्तर न देणाऱ्या आईच्या दारातही अखेर तिलाच जावे लागते.