वेळ आणि निवेदन

मालगुंड हे केशवसुतांचं गाव. मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड अशी मास्तरकी करत आयुष्य काढलेला हा कवी. त्याच्या गावातल्या बारावी झालेल्या मुलीला आज आयआयटीतल्या प्राध्यापकाची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. ती शेवटपर्यंत ऐकते का, या प्रश्नाने मला फार वर्षांपासून धरून ठेवलं आहे.

जगाचं उत्तर उमेद वाढवणारं नाही. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या वर्गात सुमारे १,६०,००० नावं आली, त्यातली वीस-बावीस हजार टिकली. मग कोर्सेरा, एडेक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यासपीठं आली, आपल्याकडे २०१७ मध्ये ‘स्वयम्’. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्ड-एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्यास सुरूच केला नव्हता. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे अवघे ३.१३ टक्के. सहभागात वाढ झाली तीही मुख्यतः सधन देशांत.

या आकड्यांपेक्षा मला मोलाची वाटते ती ‘स्पोकन ट्युटोरियल’ची मराठी संहिता. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प. संहितेच्या कागदावर दोनच रकाने: वेळ आणि निवेदन. लिबरऑफिस, पायथन, लिनक्स असे संगणकाचे विषय, दहाएक मिनिटांचा एकेक पाठ. पडदा इंग्रजीच राहतो, आवाज मराठी होतो. त्यामुळे भाषांतरकाराला अर्थाबरोबर सेकंदही सांभाळावे लागतात; वाक्य लांबलं की पडद्यावरचा बाण पुढे निघून जातो. मूळ इंग्रजी संहिता तर ध्वनिमुद्रणाआधी त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तो जिथे अडेल तिथे लेखकाने बदल करायचा. आपल्या क्रमिक पुस्तकांनाही हाच नियम लावायला हवा, असं माझं ठाम मत आहे. शिवाय हे पाठ उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर आपला हात, अशी शिकण्याची रीत.

पण यात अर्थशास्त्र नाही, कायदा नाही. आयआयटीतल्या व्याख्यानांच्या ‘एनपीटेल’ या संकेतस्थळावर विषय भरपूर आहेत, अभ्यासही फुकट आहे; प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क भरून केंद्रावर जावं लागतं.

अशा चित्रफितींवर आक्षेपही घेतला गेला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांना खुलं पत्र लिहून त्यांची ध्वनिचित्रित व्याख्यानं वर्गात वापरायला नकार दिला. श्रीमंत विद्यापीठांतल्या मुलांना समोर शिक्षक आणि बाकीच्यांना चित्रफीत, अशी विभागणी होईल ही त्यांची भीती होती. ती रास्त होती. पण जिथे त्या विषयाचा शिक्षक मुळातच पोचलेला नाही, तिथे चित्रफीत नाकारून भागणार नाही; तिच्या शेजारी माणूस बसवावा लागेल.

म्हणून गावोगावच्या ग्रंथालयांना आणि निवृत्त शिक्षकांना विनंती आहे. एका संगणकावर हे मराठी पाठ उतरवून ठेवा, आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि शिकणाऱ्या मुलांजवळ बसा.