फेस आणि हिम

नॉर्वेच्या पर्वतांतून आणि फियॉर्डांतून छायाचित्रकारांचे गट मार्गदर्शकासह हिंडतात. हिमनद्यांनी कोरलेल्या आणि पुढे समुद्राचे पाणी शिरलेल्या त्या खोल दऱ्या कशा घडल्या, हे मार्गदर्शक समजावून देतो. दृश्याचे कारण कळले, म्हणजे ते टिपणेही अर्थपूर्ण होते.

बंगळूरुच्या आग्नेयेस असलेल्या बेळ्ळंदूर तलावाच्या काठी अशा जाणकाराची गरज अधिकच भासते. सुमारे ९०० एकरांचा हा तलाव बांध घालून केलेला, म्हणजे मानवनिर्मित आहे. त्याच्या सांडव्यापाशी साचलेले शुभ्र फेसाचे ढीग छायाचित्रांत हिमराशींसारखे दिसत. वस्तुतः शहराचे प्रक्रिया न झालेले सांडपाणी आणि त्यातील धुलाईची द्रव्ये यांची ती परिणती होती. पाणी कोसळताना त्यात हवा मिसळे आणि फेस फुगे. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी तर तलावावर आगीही भडकल्या. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने परिसरातील उद्योग बंद करण्याचा आदेश दिला.

छायाचित्रात शुभ्रता उमटते, दुर्गंधी उमटत नाही. म्हणून अशा चित्राखाली स्थळ आणि दिनांक यांच्याबरोबर दृश्याचे कारणही लिहिले पाहिजे. अन्यथा पाहणारा विषालाच सौंदर्य समजून पुढे जाईल.