नऊ बारचा दाब आणि वाफेची एक नळी

कॅफेतल्या फळ्यावर नावांची रांग असते: रिस्त्रेत्तो, लुंगो, माकियातो, कॉर्तादो, कॅपुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाइट, अमेरिकानो. नवख्याला वाटतं, आत मोठा भटारखाना असणार. प्रत्यक्षात काउंटरवर एकच यंत्र असतं आणि त्या यंत्राला कामाच्या जागा दोनच. एका ठिकाणी गरम पाणी जबरदस्त जोराने कॉफीच्या पुडीतून ढकललं जातं. दुसऱ्या ठिकाणी एका बारीक नळीतून वाफ सुटते. फळ्यावरची बहुतेक नावं या दोघींच्या जमाखर्चातून निघालेली आहेत. म्हणून पेयांची ओळख करून घ्यायची तर आधी यंत्राची करून घेतलेली बरी.

या यंत्राचं माहेर उत्तर इटली. 1884 साली तुरीनच्या प्रदर्शनात अँजेलो मोरिओंदो या हॉटेलवाल्याने वाफेवर चालणारं कॉफीयंत्र मांडलं आणि त्याचं पेटंटही घेतलं. पण ते एका दमात बरीच कॉफी काढणारं, घाऊक कामाचं यंत्र होतं. एका गिऱ्हाइकासाठी, त्याच्या डोळ्यांदेखत, एकच कप काढायचा ही युक्ती मिलानच्या लुइजी बेत्सेरा यांची. त्यांच्या 1901 च्या पेटंटमध्ये दांड्याच्या टोकाला छोटी गाळणी होती. तिच्यात कॉफी भरायची आणि दांडा यंत्रात अडकवायचा. आजही बरिस्ता नेमकं हेच करतो. बेत्सेरांकडे कल्पना होती, भांडवल नव्हतं. देझिदेरिओ पावोनी यांनी ते पेटंट विकत घेतलं आणि 1905 पासून ‘इदेआले’ नावाची यंत्रं बाजारात आणली.

ती यंत्रं दिसायला देखणी होती: उभे पितळी बंब, वर नक्षीदार घुमट. कॉफी मात्र बेताची. बंबातल्या वाफेच्याच जोरावर पाणी ढकललं जाई आणि तो दाब जेमतेम दीड-दोन बार भरे. आपल्या घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने जास्त असतो, यावरून अंदाज यावा. शिवाय वाफेचा चटका थेट पुडीला बसायचा. कॉफी झटपट मिळे, पण काळी, कडवट, करपलेली. आजचा शौकीन तिला एस्प्रेसो म्हणायलाही तयार होणार नाही.

खरी कलाटणी दिली ती मिलानमधल्या आकिले गाज्जा या कॅफेवाल्याने. वाफेला कॉफीपासून दूर ठेवायचं आणि पाण्यालाच दाबायचं, हा त्यांचा ध्यास. 1938 मध्ये त्यांनी पहिलं पेटंट मागितलं, मग महायुद्ध आडवं आलं. युद्धानंतर त्यांनी दट्ट्याचं यंत्र सिद्ध केलं आणि 1948 मध्ये कंपनी उभी केली. यंत्राचा लांब दांडा खाली ओढला की आतली जाडजूड स्प्रिंग आवळली जाते. दांडा सोडला की स्प्रिंग सैल होताना दट्ट्याला खाली रेटते आणि दट्ट्या पाण्याला. दाब आठ-दहा बारपर्यंत चढतो. दट्ट्याच्या नळकांड्यात मावेल तेवढंच पाणी उतरणार, त्यामुळे कपाचं मापही आपोआप छोटं झालं. एस्प्रेसो एवढीशी का, याचं एक उत्तर त्या नळकांड्यात आहे.

या दाबाने आणखी एक गोष्ट केली, जिची गाज्जांनाही बहुधा कल्पना नसावी. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. दाबाखालच्या पाण्यात तो विरघळतो आणि कपात येताच बारीक बुडबुडे होऊन सुटतो. कॉफीतल्या तेलांशी मिसळून त्याचा तपकिरी-सोनेरी साय आल्यासारखा थर होतो. हाच क्रेमा. सुरुवातीला गिऱ्हाइकांना तो फेस गाळासारखा वाटला, म्हणून गाज्जांनी ‘कॉफीची साय’ अशी त्याची जाहिरात केली, असं सांगतात. दोष वाटणारी गोष्टच गुण म्हणून विकण्याचं हे कसब मला यंत्राइतकंच भावतं.

दांडा ओढायला मनगटात ताकद लागे, आणि हातातून सुटला तर हनुवटीवर प्रसाद. 1961 मध्ये एर्नेस्तो व्हालेन्ते यांच्या फाएमा कंपनीने ‘ई-61’ आणलं आणि स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप बसवला: अखंड नऊ बार. त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीत दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून हे नाव ठेवलं गेलं. आजच्या कॅफेतली बरीचशी यंत्रं याच घराण्यातली.

इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने कपाचं माप बांधून दिलं आहे: सुमारे 7 ग्रॅम पूड, 9 बार दाब, 25 सेकंद, 25 मिलिलिटर कॉफी. यात थोडं कमीजास्त चालतं, फार नाही. पूड जाड दळली तर पाणी धो-धो निघून जातं आणि कॉफी आंबट, पाणचट होते. फार बारीक दळली तर थेंब-थेंब उतरते आणि कडू होते. कौतुक सगळं चकचकीत यंत्राचं होतं, पण अर्धी बाजू ग्राइंडर सांभाळतो. माझं मत विचाराल तर अर्ध्याहून जास्त.

आता फळा वाचू. पाणी लवकर थांबवलं की रिस्त्रेत्तो: घट्ट, गोडसर. पाणी जास्त वेळ जाऊ दिलं की लुंगो. तयार एस्प्रेसोत वरून गरम पाणी ओतलं की अमेरिकानो. लुंगोत सगळं पाणी पुडीतून गेलेलं असतं, अमेरिकानोत नाही, म्हणून लुंगो अधिक कडवट लागते.

दुसरी बाजू वाफेची. नळी दुधाच्या पृष्ठभागाशी धरली की हवा आत ओढली जाते, खोल नेली की दूध गरगरतं आणि मोठे बुडबुडे फुटून मखमली होतं. दुधातली प्रथिनं फेस धरून ठेवतात. साठ अंशांच्या आसपास दूध सर्वांत गोड लागतं. सत्तरीपार गेलं की उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेस ढेपाळतो. त्याच संस्थेच्या मापात कॅपुचिनो म्हणजे 25 मिलिलिटर एस्प्रेसो आणि 100 मिलिलिटर दुधाचं फुलून झालेलं 125 मिलिलिटर. एस्प्रेसोवर दुधाचा नुसता ठिपका दिला की माकियातो. स्पेनच्या कॉर्तादोत दूध साधारण कॉफीइतकंच. दूध खूप आणि फेस पातळ, तो लाटे. फ्लॅट व्हाइटमध्ये दूध लाटेपेक्षा कमी, फेस अगदी तलम. ती आपली म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अजून भांडतात. इटलीत कॅपुचिनो सकाळची. भरपेट जेवणावर ती मागितली तर वेटर आणून देतो, मनातलं चेहऱ्यावर दिसतं.

आपल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला जी ‘एक्स्प्रेसो’ मिळते तिचा उलगडाही इथेच होतो. इन्स्टंट कॉफी, साखर, दूध, वाफेचा फुर्रर्र आवाज आणि वर चॉकलेट पावडरची चिमूट. स्टीलच्या त्या यंत्राकडे वाफेची नळी आहे, नऊ बारचा दाब नाही. म्हणजे आपण अर्धंच यंत्र उचललं आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या खूश आहोत. कॅफेत जाणाऱ्या मंडळींनी तिला नाकं मुरडू नयेत. आइस्क्रीमच्या रांगेतून निघून मी तिच्याच रांगेत लागतो.

पूर्ण यंत्राशीही आपला संबंध आहेच, पण तो बियांचा. भारतीय कॉफीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत इटली वर्षानुवर्षं पुढे आहे. कर्नाटक-केरळातला रोबस्टा तिथल्या मिश्रणांत जातो, कारण त्याने क्रेमा दाट येतो आणि कॉफीला अंग येतं. अरेबिकाचे भक्त रोबस्टाला हलकं लेखतात. इटलीतल्या, विशेषतः दक्षिणेकडच्या, भाजणाऱ्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

नव्या कॅफेत गेलात तर पहिल्यांदा साधी एस्प्रेसो मागवा, आवडत नसली तरी. साखर न घालता एक घोट घ्या. ती करपलेली किंवा आंबटढाण लागली, तर त्या फळ्यावरचं बाकी काहीही मागवू नका. दुधाने आणि सिरपने ते फक्त झाकलं जाईल.