सूची बिघडली, पत्रे नव्हेत

गेल्या पावसाळ्यात अचानक वीज गेली. नंतर घरच्या संगणकावर ‘थंडरबर्ड’ उघडले, तर वडिलांच्या ई-मेलचा कप्पा रिकामा! वडील आता नाहीत. पत्रांची दुसरी प्रतही नव्हती. काळजाचा ठोका चुकला. तरी घाई केली नाही. प्रोग्रॅम बंद करून सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली.

प्रत्येक कप्प्याच्या दोन फाइली असतात. एकीत पत्रांचा सलग मजकूर, दुसरी, ‘.एमएसएफ’ शेपटीची, म्हणजे नुसती सूची. ग्रंथालयातील कार्डांचा खण विस्कटला म्हणून ग्रंथ नाहीसे होत नाहीत! मजकुराची फाइल चांगली जड होती. सूची तेवढी काढून टाकली. प्रोग्रॅम उघडताच त्याने मजकूर वाचून नवी सूची रचली. पत्रे परतली.

मित्रहो, दुरुस्तीआधी प्रत घ्या, एवढेच सांगणे.