मसल कारची निगा, लेखांक ६ : साठच्या वेगाला येणारी थरथर

गेल्या आठवड्यात १९६९च्या कॅमरोच्या मागच्या ॲक्सलमधले ३.०८चे गिअर काढून ४.१०चे बसवले. गाडी आता जागेवरून झेप घेते, पण ताशी ६० मैलांच्या आसपास सीटखाली थरथर सुरू होते. पूर्वी ती नव्हती. टायर २६ इंची असेल, तर या वेगाला प्रोपेलर शाफ्ट आधी मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घ्यायचा, आता ३,२०० घेतो. असमतोलाचा धक्का फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ पावणेदोन पटीने. दोष जुनाच असू शकतो. जाणवायला लागला तो आता.

अशा वेळी बहुतेक जण शाफ्ट उतरवून थेट बॅलन्सिंगला नेतात. माझा आग्रह आहे की आधी गाडी चालवून पाहा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथरीचा वेग गाठा, गिअर न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष. मग त्याच वेगाला ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहा. दाबला-सोडल्याने थरथर बदलत असेल, तर संशय शाफ्टच्या कोनांवर किंवा झिजलेल्या क्रॉसवर घ्यायचा. काहीच फरक पडत नसेल, तर टायर किंवा शाफ्टचा समतोल बिघडला आहे. टायरचे हादरे सेकंदाला तेराच्या आसपास, म्हणजे मोजता येतील असे वाटणारे, शाफ्टचे त्रेपन्न. कोनाचा दोष शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा उमटतो, त्यामुळे तो हादऱ्यापेक्षा घुमणाऱ्या आवाजासारखा भासतो.

दोनदा का? क्रॉस वाकून फिरतो तेव्हा एका बाजूने सारखा वेग आला, तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील, तर पुढच्याने केलेली ही गडबड मागचा निस्तरतो. म्हणून गिअरबॉक्सची आणि पिनियनची रेषा समांतर हवी. शाफ्ट स्वतः किती तिरका, याला एकट्याने अर्थ नाही. प्रत्येक क्रॉसचा कोन साधारण एक ते तीन अंशांत असावा. शून्यही नको, कारण मग बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहून क्रॉसला खड्डे पाडतात.

मोजमाप गाडी चाकांवर उभी असतानाच घ्यायचे. ॲक्सल लोंबकळत ठेवून घेतलेले आकडे निरुपयोगी. समजा, गिअरबॉक्सची शेपटी ३ अंश खाली आहे आणि शाफ्ट मागे १ अंश उतरतो : पुढच्या क्रॉसचा कोन २. पिनियनचे नाक मात्र ६ अंश वर निघाले, तर मागचा कोन ५. दोघांत तीन अंशांची तफावत, आणि दोषी सापडला.

कॅमरोचा ॲक्सल पाट्यांवर बसतो. जोर लावला की पाटे पिळतात आणि पिनियनचे नाक वर चढते, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरापेक्षा थोडे खालीच ठेवायचे. आपल्या उदाहरणात ४ अंशांची पोलादी पाचर, जाड बाजू मागे, पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये घातली की नाक २ अंशांवर येते. चालताना ते ३कडे सरकायला जागा उरते. पाचर ॲल्युमिनियमची नको, ती दबते आणि तडकते. पिनियन हलला की शाफ्टचा उतारही किंचित बदलतो, तेव्हा तिन्ही कोन पुन्हा मोजा. थोडे मैल चालवल्यावर यू-बोल्टही पुन्हा आवळा.

कोन जुळले, क्रॉस घट्ट आहेत आणि तरीही ६०ला थरथर आहे, तर आता शाफ्ट उतरवा. तो वाकला आहे का, हे डायल गेजने कसे पाहायचे, ते पुढच्या आठवड्यात.