'तुतारी' : बीडच्या निवडणुकीतील एका चिन्हनामाचा विचार

निवडणूक-चिन्ह हे मूलतः निरक्षर मतदारासाठी योजलेले साधन होय. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे व तीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. तथापि मतदार चिन्ह पाहतो तो मतदानाच्या दिवशी. तत्पूर्वी कित्येक दिवस तो त्याचे नाव ऐकत असतो. नाव व चित्र यांची सांगड सुटली असता काय घडते, हे बीड लोकसभा मतदारसंघातील २०२४ च्या निवडणुकीत दिसून आले.

तेथील मुख्य लढत भारतीय जनता पक्षाच्या पंकजा मुंडे आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे बजरंग सोनवणे यांच्यात होती. सोनवणे यांच्या पक्षास फेब्रुवारी २०२४ मध्ये 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले होते. एवढे लांब नाव बोलीत टिकणे कठीणच. 'माणूस' हे पद सर्वसामान्य, ते कोणताच भेद दाखवीत नाही. म्हणून ते गळाले, भेदक पद तेवढे उरले. शिवाय केशवसुतांच्या १८९३ च्या कवितेपासून 'तुतारी' या शब्दाभोवती आवाहनाचे वलय आहे. प्रचारकास ते सोयीचेच होते.

इकडे मुक्त चिन्हांच्या यादीत 'ट्रंपेट' होते, आणि त्याचा मराठी पर्यायही 'तुतारी' असाच दिलेला होता. कोशदृष्ट्या यास सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. दोन्ही फुंकून वाजविण्याची धातूची वाद्ये आहेत. पण तुतारी वक्राकार, देवळात व मिरवणुकीत वाजणारी. ट्रंपेट हे बँडपथकातील वाद्य. पुढे लोक त्यास 'पिपाणी' म्हणू लागले. (वस्तुतः पिपाणी हे तिसरेच वाद्य, परंतु भेद दाखविण्याची गरज लोकांनी ओळखली, हे लक्षणीय आहे.)

बीडमध्ये चाळीसहून अधिक उमेदवार होते, आणि मतदानयंत्रावर चिन्हाचे चित्र असते, नाव नसते. सोनवणे ६,५५३ मतांनी विजयी झाले. ट्रंपेट चिन्हाच्या अपक्षास ५४ हजारांहून अधिक मते मिळाली. ती सारी नामसाम्यामुळेच पडली असे सिद्ध करता येत नाही. मात्र विजयाच्या फरकाच्या आठपट मते एका अपरिचित उमेदवारास मिळावीत, याचे दुसरे समाधानकारक स्पष्टीकरणही आढळत नाही. साताऱ्यात तर याच पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पराभूत झाले, आणि तेथील ट्रंपेटची मते त्याहून अधिक होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीपूर्वी, आयोगाने ट्रंपेट वगळण्याची मागणी अमान्य केली. दोन्ही चिन्हे भिन्न आहेत असे त्याचे म्हणणे होते. पक्षाचे चिन्ह यंत्रावर अधिक ठळक छापण्यास मात्र संमती मिळाली. चित्रापुरता हा निर्णय योग्यच होता. गोंधळ उद्भवला होता तो भाषांतरात.