लॅपटॉपचा नेटवर्क पोर्ट: १ गिगाबिट पुरे की २.५ हवा?

संशोधनासाठी लॅपटॉप घेताय? मग एवढं लक्षात ठेवा: प्लॅन, राउटर, केबल आणि पोर्ट, या चौघांत जो सगळ्यात हळू, त्याचाच वेग तुमच्या पदरात पडतो.

समजा, फणसवाडीतल्या घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि ५० जीबीचा डेटासेट उतरवायचाय. समोरचा सर्व्हर पुरेसा वेगवान असेल, तर १०० एमबीपीएसच्या पोर्टवर साधारण ६७ मिनिटं लागतील, १ गिगाबिटवर २२. म्हणजे पाऊण तास वाचला. २.५ गिगाबिटवर? तिथेही २२च! ते जादा पैसे रॅमवर घाला. प्लॅनच १ गिगाबिटच्या वर असेल, तर गोष्ट वेगळी.

आणि हो, केबल तपासा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तुटली, की वेग १०० वर घसरू शकतो.